कोहळ्यावरची बोली

बाबा, यंदाच्या हंगामाच्या सणाला मावशीचं कोहळं लिलावात आलं आणि मी बोली लावली नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी पहिला विचार तुमचाच आला, आणि तो आला तसा मी चर्चच्या पंख्याकडे बघत बसलो.

मावशी म्हणजे तीच, दवाखान्यातली आया. ना नवरा ना लेकरू. खोलीमागे वेल लावायची आणि या सणाच्या आभाराच्या उपासनेला एक कोहळं घेऊन यायची. बाकीचे कोंबड्या आणायचे, संत्र्यांच्या पेट्या आणायचे. उपासना संपली की सगळ्याचा लिलाव, पैसे चर्चच्या मंडळीच्या कामाला, आणि तिच्या कोहळ्यावर बोली चढवायचात तुम्ही. इतवारीतल्या भांड्यांच्या दुकानात दिवसभर तराजूपाशी उभं राहून मिळायचं तरी काय तुम्हाला! पण सायकलच्या कॅरिअरला सुतळीने कोहळं बांधून असे ऐटीत यायचात की जणू जहागिरीच मिळाली. आईचं डोकं फिरायचं. घरात तेल नाही आणि बाजारात फुटक्या पैशाला मिळतं त्याची एवढी किंमत! ती रागारागाने विळीवर फोडी करते आहे, तुम्ही स्टोव्हपाशी बसला आहात आणि शांतपणे म्हणता, "तिचं कोहळं कोणीच नाही घेतलं, तर पुढच्या साली कोणत्या तोंडानं येईल वं ती?" मग आठवडाभर भाजी तीच आणि तळलेली गोड बोंडंही त्याचीच. मला तर त्या वासाचा वीट आला होता.

तुमच्यासारखं अव्यवहारी व्हायचं नाही हे मी तेव्हाच ठरवलं, आणि झालोही नाही. मनीषनगरला फ्लॅट घेतला. नवीन वर्ष लागलं की तुमची सून आणि मी डोळे मिटून प्रार्थना करतो आणि मग उद्दिष्टं ठरवतो. कर्ज लवकर फेडायचं, पोरीच्या शिक्षणाला एवढे, देण्यासाठी एवढे. देण्याचे मार्चमध्येच पाठवून टाकतो, करात सूट मिळते. यंदा पाळकसाहेबांनी ख्रिस्ती माणसाने पैशाचं नियोजन कसं करावं यावर तरुण जोडप्यांची सभा घेतली, त्यात स्वतःच्या अनुभवाची साक्ष द्यायला मलाच उभं केलं. बोललोही झकास. देवाचा वाटा आधी, बाकी सगळं नंतर, असं म्हटलं. देवाला द्यायचा आमचा दशमांश फ्लॅटचा हप्ता वजा करून उरलेल्या पगाराचा असतो, हे तेवढं सांगितलं नाही.

मावशी आता काठी टेकत येते. कोहळ्यासाठी बिचारीने ऑटो केला होता. लिलाव करणाऱ्याने ते उचलून दाखवलं, मागून कोणीतरी पन्नास म्हटलं, आणि पुढे बोली चढेना. नवीन लोकांना ती कोण हेच माहीत नाही. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. खिशात पैसे होते, बाबा. पण मनात आलं, यंदाचं देणं तर होऊन गेलं. अगदी याच शब्दांत आलं. लिहितानाही लाज वाटते. कोहळं पन्नासातच गेलं.

बाहेर चहा सुरू होता, तिथे तीच माझ्याजवळ आली. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. माझ्या दंडावर हात ठेवून म्हणाली, "यंदा कोहळं काही जमलंच नाही गा. लोकायले नाही आवडलं. आता पुढच्या सालापासून नाही आणत मी."

आणि मी तिला काय म्हटलं, माहीत आहे? म्हटलं, हो मावशी, यंदा पाऊसच तसा होता.

हे मी घरी कोणाला सांगितलं नाही, आणि हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. कोहळं चांगलं होतं, बाबा. अगदी चांगलं होतं.