समुद्राकडची खोली

अब्बा, तुम्ही गेलात तेव्हा मी कॉलेजात होते, आणि आता माझं वय तुमच्या शेवटच्या वयापेक्षा जास्त आहे. मी गोष्टी लिहिते, अजून न आलेल्या काळाच्या, कुणी न बांधलेल्या शहरांच्या. तुम्ही आखातातून कॅसेट पाठवायचात. मुरूडच्या स्वयंपाकघरात अम्मी बोंबील साफ करते आहे, टेप फळीवर आहे, आणि तुम्ही सांगताय की इथं एक कारखाना समुद्राचं पाणी गोड करतो, तेच आम्ही पितो. मग तुमच्या खोलीचं वर्णन : एकट्याची, थंडगार, खिडकी थेट समुद्रावर. शाळेत मी कारखान्याचं सांगितलं तर सगळे हसले. मलाही वाटलं, ते तुम्ही माझ्यासाठी रचलंय. खोली मात्र मी खरी धरली, आणि पुढं माझ्या प्रत्येक शहरात कुणा ना कुणाला राहायला दिली.

मागच्या थंडीत आगरदांड्याला फेरीबोटीची वाट पाहताना एक म्हातारे गृहस्थ भेटले. तुमच्याबरोबर कामाला होते म्हणाले. मी खोलीचं विचारलं, तर आधी त्यांनी विषय बदलला. मग म्हणाले, "खिडकी कसली, बेटा. आम्ही दहा जण एका खोलीत. तो जिन्यात बसून टेप भरायचा, तिथं जरा शांत असायचं." आणि कारखाना? तो होता. तुम्ही तिथंच पाइप जोडायचात.

तेव्हापासून मला लिहिता येत नाही. माणसं ओलांडून जातायत अशा पायरीवर, दमलेले असताना, तुम्ही ते सगळं रचत होतात. माझ्याकडे टेबल आहे, बंद करता येणारं दार आहे, तरी दोन ओळींवर मी उठते. अम्मीला आता दिसत नाही, मी वाचून दाखवते. परवा म्हणाली, "त्यांची खोली होती तशी एखादी घाल ना यात." मी बरं म्हटलं. तिला सांगावं की नाही, हे विचारायला तुमच्याशिवाय कुणी नाही, आणि तुम्ही नाही. हा कागदही घरात ठेवायची भीती वाटते. कुणीतरी तिला वाचून दाखवेल.

कार्यक्रमांत मला विचारतात, कल्पनाशक्ती कुठून आली, प्रभाव कुणाचा. मी परदेशी लेखकांची नावं घेते. तुम्ही तिकडे मजूर होतात हे सांगायला जीभ रेटत नाही. त्या लेखकांपैकी दोघांची पुस्तकं मी वाचलेलीही नाहीत.