अबोल्यात जोतिबा

गुरु., १६ जाने.

अबोल्याचा तिसरा दिवस. पन्हाळ्याचं बुकिंग रद्द होत नाही म्हणे, आणि बायकोनं, सु.नं, सगळ्या गल्लीला सांगून ठेवलंय. म्हणजे जायचं. जाऊ. मला काय.

एक फोन केला मी, एवढंच. पतसंस्थेनं हिला बढती दिली, शाखाधिकारी, पण चंदगडला. रोजचं जाणं-येणं शक्य नाही. खोली घेऊन राहायचं, रविवारी घरी. पोरगी कोल्हापुरात हॉस्टेलवर. मग मुरगुडात कोण? मी आणि टीव्ही. म्हणून हिच्या साहेबांना फोन करून सांगितलं, घरची अडचण हाय, तिला न्हाय जमायचं.

मंगळवारी साहेबांनीच तिला सांगितलं. मी सांगणारच होतो, सवडीनं. वर साहेब म्हणतात, मिस्टरांचं राहू द्या, हो का नाही ते तुमच्या सहीनं द्या, सोमवारी पाचपर्यंत. आगाऊ माणूस.

शुक्र., १७

रजा टाकली. मोटरसायकलवर निघालो. बसताना मधे सॅक ठेवली तिनं. सॅकमध्ये काय भरलंय देव जाणे, कोल्हापूर येईपर्यंत पाठीत टोचत होतं. मुद्दाम.

मिसळीला थांबलो. वेटरला म्हणते, "ह्यांना विचारा, कट जास्ती पाहिजे का." मी समोरच बसलेलो. मीही वेटरलाच म्हणालो, "त्यांना सांग, पाहिजे." तो दोघांकडं बघून म्हणाला, "पावणं, मी मिसळ आणू का नुसतं निरोप?"

शेजारच्या टेबलावरचे हसले. ती पण हसली, वेटरकडं बघून. मला नाही हसू आलं.

शनि., १८

पन्हाळा. तीन दरवाजा, सज्जा कोठी, अंबरखाना. लग्नानंतर आलो होतो तेव्हा एवढं चालल्याचं आठवत नाही. तिनं प्रत्येक दगडाचा फोटो काढला. माझा एक नाही.

सज्जा कोठीशी एक पुण्याचं जोडपं म्हणालं, या, तुमच्या दोघांचा काढतो. "जरा जवळ या की काका." काका! जवळ कोण जातंय. मधून अख्खी दरी दिसतीय फोटोत.

दुपारी झुणका-भाकरी. सवयीनं तिनं तिचा कांदा माझ्या ताटात टाकला. मग आठवलं असावं. हात घालून परत उचलून घेतला. खाल्ला नाही, नुसता बाजूला ठेवला. इतका राग आला. कांद्यासाठी नाही. आता कशासाठी ते लिहीत बसत नाही.

रवि., १९

गाडी खाली लावून पायवाटेनं जोतिबा. सु.चा नवस, बढती झाली तर अनवाणी चढून येईन. बढती राहिली वाऱ्यावर, नवस मात्र चालू. मी बुटात धापा टाकतोय, ही अनवाणी पुढं. एकदाही मागं वळून बघितलं नाही. मेलो का जगलो, काही नाही. गुडघा भरून आला, दोनदा बसलो.

गायमुखाच्या पुढं एक म्हातारी जोडीला आली. "चांगभलं! कशाचा नवस गं बाई?"

"बढतीचा."

"झाली का?"

"देवानं दिली. ह्यांनी परत पाठवली."

म्हातारीनं मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "व्हय ओ?" मी बुटाची नाडी बांधायला वाकलो. बांधलेलीच होती.

वर ही गर्दी, रविवार म्हणजे देवाचाच वार. गुलालात न्हालेली माणसं. गाभाऱ्यापुढं नारळ माझ्या हातात, पुजारी म्हणाला, "वहिनी, हाताला हात लावा." हिनं लावला नाही. परत म्हणाला. मागची रांग ओरडायला लागली, आवरा की ओ. तेव्हा ही पुजाऱ्याला म्हणते, सगळ्यांच्या देखत, "ह्यांनी आधी विचारायला पाहिजे, हात लावतीस का म्हणून."

डोकं तडकलं. नारळ तिथंच ठेवून निघून जावं असं वाटलं. "लाव की," म्हणालो. ती हललीच नाही. पुजारीही थांबलेला.

"लावतीस का?"

दोन बोटं लावली मनगटाला, कशीबशी. गार होती. आणि सहा दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलली. "एवढं विचारायला डोंगर चढायला लागला तुम्हाला."

खाली उतरून गाडीवर घरी. सॅक मधे.

सोम., २०

सकाळी तिला कामावर जायला स्टँडवर सोडलं. साहेबांना द्यायचा कागद पर्समध्ये, कोरा. उतरली, आणि वळून म्हणाली, "तुम्ही मला विचारलं न्हाय. मी विचारते. चंदगडला जाऊ का? घर कोण बघणार, लोक काय म्हणणार, त्यातलं काय नको. तुमचं सांगा. खरं."

तोंड उघडलं. एसटी आली.

"पाचच्या आत फोन करा. मला. साहेबांना नव्हं."

कंपनीत लक्ष नाही. माझं काम ओतीव कास्टिंग तपासायचं, खराब मालावर लाल रंगाची फुली मारायची. आज चांगल्यावर मारली, सुपरवायझर बोलला.

खरं काय ते माहीत आहे मला. संध्याकाळी कुलूप काढून अंधाऱ्या घरात शिरायची भीती वाटते. सत्तेचाळीस वर्षांचा बाप्या, आणि भीती वाटते. साहेबांना हे सांगता येत नव्हतं म्हणून अडचण म्हणालो. पण हे सांगितलं तर ती जाणार नाही. ओळखतो मी तिला. नाही लिहून देईल, आणि सॅक कायम मधे राहील.

खुशाल जा म्हणावं, तर ते खोटं. म्हणजे परत तिच्या वतीनं मीच ठरवल्यासारखं. तिनं खरं मागितलंय.

साडेचार. कँटीनच्या मागं उभा राहून हे लिहितोय. नखातला गुलाल अजून निघाला नाही. काय बोलायचं ते ठरत नाही.

चार पन्नास. तिलाच फोन लावतो.