बाळूच्या फोनवरचा ओटीपी

बाळू, माझ्या हट्टी लेका,

गेलेल्या माणसाला पत्र लिहीत बसणाऱ्यातली मी नव्हे, हे तुला चांगलं माहीत आहे. पण परवा तुझ्या नावाची नोटीस आली. तुला हजर राहायला सांगितलंय. ज्याला बोलावणं आलं त्याला कळवायला नको का?

तुझ्या पूजानं वाचून दाखवली. चाकणच्या ज्या कंपनीला तू मशीनमध्ये बसणारे बुश बनवून द्यायचास, ती म्हणते, माल मापात नव्हता, आमची लाईन बंद पडली, भरपाई द्या. आणि भांडण कोर्टात न्यायचं नाही, कंपनी सांगेल त्या लवादापुढं न्यायचं, असं तूच करारात लिहून दिलंयस म्हणे. तेही परमुलखात, जिथं आपल्याला भाषासुद्धा कळायची नाही.

मी म्हटलं, "तुझ्या बापानं वाचलं नसंल गं."

"आजी, प्रत्येक पानावर सही आहे पप्पांची."

सहीचं काय कौतुक? शाळेत असताना प्रगतिपुस्तकावर माझी सहीसुद्धा तूच करायचास. तेव्हापासून तुला वाचण्याआधी सही करायची घाई.

सूनबाई मंगल चाकणला जाऊन आली. कंपनीच्या गेटवर दुपारभर उभी होती. साहेब भेटले नाहीत. आतून निरोप आला, आता जे काही बोलायचं ते लवादापुढं बोला. लवादापुढं कोण बोलणार? ज्याच्या नावाची नोटीस आहे तो. आणि तो कुठंय? तूच सांग आता.

मग आम्ही दोघी जीएसटीचं काम बघणाऱ्या मॅडमकडे गेलो. तुझे बाकीचे कागद त्यांच्याकडंच असतात ना. त्यांनी नोटीस वाचली, कॉम्प्युटरात बघितलं आणि विचारलं, "आजी, हे गेले कधी?"

"दिवाळीच्या आधी."

"मग त्याच्यानंतर रिटर्न कुणी भरले?"

"तुमीच की. तुमच्या हापिसातली पोरगी फोन करायची, मी आकडे सांगायची. तुमाला ठाव न्हाई व्हय?"



आता ही सवय कुणी लावली? तूच. लेथच्या शेडमध्ये फोनला तेल लागतं, मशीनच्या आवाजात रिंग ऐकू येत नाही, म्हणून तू फोन घरी माझ्यापाशी टाकून तळवड्याला जायचास. मॅडमच्या हापिसातून फोन आला, "आजी, ओटीपी सांगा," की मी सांगायची. तुझ्या तेराव्याच्या पंगती उठत होत्या, तेव्हाही फोन आला. मी पदराला हात पुसले आणि आकडे सांगितले. मेलेल्या माणसाचा ओटीपी सांगायचा नसतो, हे मला कोण सांगणार होतं? मंगल शेड सांभाळून तुझ्याच नावानं बिलं करत राहिली, कारण कंपन्यांना तेच नाव ठाऊक. मी तुझ्या फोनवर रिचार्ज मारत राहिले. शेड चालू राहिली. आम्हाला वाटलं, निभावलं.

मॅडम म्हणाल्या, "सरकारच्या लेखी हे अजून जिवंत आहेत. कंपनीचा वकील विचारणार, दर महिन्याला बिल करतो, रिटर्न भरतो, तो माणूस मेला कसा?"

"मग दाखवा की मयताचा दाखला."

"दाखवला की जीएसटीचा नंबर रद्द. एकट्याच्या मालकीचं असलं की दुकान आणि माणूस एकच धरतात, आजी. मंगलताईंच्या नावानं नवा नंबर काढावा लागेल. मग प्रत्येक कंपनीनं त्यांना नव्यानं यादीत घ्यायचं. तोवर कामं थांबणार."

"आन् तो करार? त्यो पण गेला ना मग?"

"करार नाही जात. तो वारसांवर येतो. यांनी मागं जे ठेवलंय, त्यातून कंपनी भरपाई वसूल करू शकते."

ऐकलंस? दुकान तुझ्याबरोबर गेलं, भांडण तेवढं मागं राहिलं. आणि मागं ठेवलंस तरी काय रे? ती लेथ मशीन, आणि रहाटणीतल्या या दोन खोल्या. त्याच खोलीत बसून हे लिहितेय.

लवाद कंपनीनं परस्पर नेमलाय, त्याला हरकत घेता येते, असंही मॅडम म्हणाल्या. पण हरकत घ्यायला आधी तू मेलास हे कागदावर यायला हवं. जिवंत ठेवावं तर तुझ्या नावानं बोलायला कुणी नाही. मेला म्हणावं तर मंगलची शेड थंड. आम्ही दोघी मॅडमच्या जिन्यात बसलो. मंगल म्हणाली, "आई, काय करायचं?" आयुष्यात मला कुणाला उलट उत्तर द्यायला जड गेलं नाही, आणि सुनेला साधं उत्तर देता आलं नाही.

त्या दिवशी छातीत कळ आली, तर गपगुमान दवाखान्यात जायचं की नाही? "एवढं मशीनचं सेटिंग पुरं करून येतो," म्हणालास. झालं का सेटिंग पुरं?

शेवटी तू गेलास हे कागदावर आणायचं ठरलं; उद्या मॅडम तुझा जीएसटीचा नंबर रद्द करायला टाकणार आहेत. त्याचाही ओटीपी तुझ्याच फोनवर येणार. मंगल म्हणाली, "तुमी ऱ्हाऊ द्या, मी सांगते." मी नाही म्हटलं. इंग्रजी आकडे मला तू शिकवलेस. पिंपरीच्या बाजाराला निघालेली मी चुकीच्या बसनं निगडीला जाऊन उतरले होते, तेव्हा बसच्या पाटीसमोर उभं करून, लोक हसत असताना, एकेक आकडा घोकून घेतला होतास. ते शिक्षण या कामाला येईल, असं ना तुला वाटलं, ना मला.

तर एवढं कबूल करते, बाळू. उद्या आकडे मीच सांगीन. सावकाश, एकेक करून, आवाज कापू न देता. मॅडमना परत विचारावं लागणार नाही. त्यापुढचं काही कबूल करता येत नाही, कारण त्यातलं काहीच माझ्या हातात नाही.

फोन चार्जिंगला लावलाय.

तुझी आई