गुलाबी कागदावरचा दादा

तीर्थस्वरूप सौ. वहिनींस धाकट्या दिराचा साष्टांग नमस्कार. (दादाला सध्या नुसताच नमस्कार. साष्टांग का नाही, ते पुढे कळेल.)

आम्ही दोघं इकडे खुशाल. तुमचा गुडघा काय म्हणतो? दादाचा खोकला? तो औषध घेतो, की घेतल्यासारखं करतो? हे मुद्दाम विचारतोय, कारण तुमच्या घरात अलीकडे बऱ्याच गोष्टी केल्यासारख्या दाखवल्या जातात असा मला दाट संशय आहे. राग मानू नका. आधी सगळं वाचा, मग माना. फोनच केला असता, पण फोन दादा उचलतो.

दादा निवृत्त झाला तेव्हा मी त्याला त्याचाच चेहरा प्लायवूडमध्ये कापून दिला होता, आठवतं ना? (आठवत नसेल तर पत्र इथेच संपलं.) या कामातली गंमत मी तेव्हाही सांगितली होती, पण तुम्ही चहा गाळत होतात. दोऱ्याएवढ्या पात्याच्या करवतीने चेहऱ्यावरची सावली तेवढी कापून काढायची आणि मागे काळा कागद लावायचा, की त्या भोकांतून भुवया, मिशी, डोळे सगळं उमटतं. कागद नसेल तर माणूस नाहीच, नुसती चाळण. प्लायचे दोन तुकडे एकावर एक चिकटवून मी एकदम कापतो, म्हणजे वरचा सुबक निघतो. टवके उडायचे ते खालच्याचे उडतात, आणि खालच्याला कोण विचारतो! तर दादाने तो कागद लावायच्या आधीच हातात घेतला, खिडकीकडे धरला, त्यातून समोरची गच्ची पाहिली आणि म्हणाला, ‘कोण हा?’ मी हसलो. पण वहिनी, त्या मिशीपायी माझे डोळे गेले होते. एक काडी तुटली की पुन्हा पहिल्यापासून. लहानपणापासून माझ्या कुठल्याही गोष्टीला दादा ‘बरं झालंय’ म्हणालेला नाही. एवढ्या एका गोष्टीला त्याने म्हणावं, इतकंच मला हवं होतं. जाऊ दे.

फ्रेम आम्ही करून घेऊ म्हणालात, म्हणून मी दादाला बजावून सांगितलं होतं. काच लाकडाला टेकता कामा नये, मध्ये बारीक पट्टी घालून फट ठेवायची, नाहीतर दमट हवेत लाकूड फुगून काचेला चिकटतं. उन्हात लावायचं नाही. ओल्या फडक्याने पुसायचं नाही. दादा ‘हं’ म्हणाला. दादाच्या ‘हं’चा अर्थ तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. त्यानंतर मी आलो तेव्हा हॉलमध्ये खिळा होता आणि खिळ्यावर कॅलेंडर होतं. ‘फ्रेमला दिलंय,’ असं तुम्ही म्हणालात खरं, पण म्हणताना पडद्याकडे बघत होतात. मी सोफ्याखाली पाहिलं (चप्पल शोधतोय असं दाखवून), कपाटावर पाहिलं (पंख्याला आवाज येतोय का बघतो, असं सांगून). कुठेच नाही. तेव्हापासून माझ्या मनात पाल चुकचुकतेय.

आणि आज सगळं उघडकीला आलं! माझा नेहमीचा फ्रेमवाला बंद होता म्हणून बाजारातल्या नव्याकडे गेलो, तुमच्या घराच्या वाटेवर आहे तोच. बघतो तर दादा टेबलावर उताणा पडलेला. मागे गुलाबी कागद. गुलाबी, वहिनी, आणि तोही चकचकीत! जो माणूस स्वतःच्या लग्नातही लाजला नाही, तो तिथे लाजून चूर झालेला. काच थेट नाकावर दाबलेली. आणि डाव्या कानाची पाळी गायब! मी दिला तेव्हा दादाचे दोन्ही कान शाबूत होते, हे शपथेवर सांगतो. (कोणाच्या हातून पडलं, ते मी विचारत नाही.) हे कोणाचं, असं मी अगदी सहज विचारलं. फ्रेमवाला म्हणाला, ‘एक बाई देऊन गेल्या. घरात धूळ खात पडलं होतं म्हणाल्या. कोणाला सांगू नका म्हणाल्या.’ आणि मला सांगून मोकळा झाला.

धूळ खात! माझा जीव नुसता जळला. तो काच कापायला वळला, तेवढ्यात मी दादाला काखोटीला मारलं आणि सटकलो. टोपी कपाळावर ओढली होती आणि तोंडावर रुमाल होता (सर्दी आहे, खोटं नाही). सध्या दादा माझ्या कपाटात, स्वेटरांखाली सुखरूप आहे. ही बाहेर गेलीय. तिला काहीच सांगितलेलं नाही, कारण ती लगेच तुमची बाजू घेते. यापुढे दादाला भेट म्हणून मोजे मिळतील. लोभ असावा असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो.

आपला दुखावलेला दीर

ता. क. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात ही आली, रडवेली. नव्या दुकानातून तिची वस्तू कुणा टोपीवाल्या चोरट्याने पळवली म्हणे. कसली वस्तू, म्हणून विचारलं. तर दादाचाच तो खालचा, टवके उडालेला तुकडा होता. माझ्याच खणात, माझ्याच हातरुमालात गुंडाळलेला तिला सापडला होता. तो मी तिथे कधी ठेवला, मला खरंच आठवत नाही. (तिला आठवतं. ती म्हणते, मी अधूनमधून खण उघडून दादाच्या मिशीवर फुंकर मारत बसतो. धूळ बसते, म्हणून मारतो.) माझ्या वाढदिवसाला तो आमच्या हॉलमध्ये लावायचा तिचा बेत होता. गुलाबी कागदही तिचीच निवड. मी कपाट उघडलं आणि स्वेटर बाजूला केले. तेव्हा कानाचं आणि धुळीचं खोडलंय असं समजा. पत्रच फाडलं असतं, पण मजकूर चांगला उतरलाय. मोज्यांचं राहू द्या.

ता. ता. क. पाकीट अजून घरातच आहे. हिने दुकानात जाऊन काळा कागद लावून, पट्टी घालून, फ्रेम करून आणली. (चोर घरचाच निघाला, असं तिने तिथे सांगितलं. मी आता त्या रस्त्याने जात नाही.) मी खिळा ठोकला, तर दादा तिरका दिसतो. काढून पुन्हा ठोकला, तर दुसऱ्या बाजूला तिरका. आपल्या घरात तसबिरी सरळ लावायच्या त्या दादानेच. मी खाली उभा राहून ‘थोडं डावीकडे’ म्हणायचो आणि तो ऐकायचा नाही. तेव्हा रविवारी त्याला पाठवून द्या. हातोडी आहे. भिंतीवर कोण आहे, ते आधी सांगू नका. तुमच्याकडची तसबीर कुठे आहे, हे मी आता विचारणार नाही.

(कुठे आहे?)