परत आलेल्या अकरा बरण्या

इंदूर, २२ जानेवारी

तीर्थस्वरूप वन्संच्या सेवेशी पद्मजाचा वाकून नमस्कार.

आम्ही उभयता इथे खुशाल आहोत, म्हणजे दोघंही चालतो-फिरतो आणि एकमेकांशी बोलतो. या वयात याहून जास्त खुशाली मागू नये. तुमचे गुडघे थंडीत कसे आहेत ते कळवावे. फोनच करणार होते, पण फोनवर तुम्हाला हल्ली ऐकू येत नाही आणि मला हळू बोलता येत नाही, शिवाय अश्विनच्या या नव्या फ्लॅटच्या भिंती अशा आहेत की स्वयंपाकघरात नुसतं मनात आलेलं बैठकीत ऐकू जातं. म्हणून पत्र. खालच्या मजल्यावरचे शंकरराव उद्या भाचीच्या लग्नाला ग्वाल्हेरला निघताहेत, ते आणून देतील. (माणूस चांगला आहे. बसायला सांगितलंत तर मात्र त्यांचं बायपासचं ऑपरेशन पहिल्या टाक्यापासून ऐकावं लागेल, तेव्हा चहा उभ्यानेच द्यावा.)

तुम्हाला माहीतच आहे की आमचे अश्विन-निवेदिता बारा वर्षं हॉलंडात काढून सप्टेंबरात कायमचे परत आले. 'कायमचे' हा शब्द आमचा. त्यांचा शब्द 'बघू'. तिथल्या कंपनीने अश्विनची जागा एकतीस जानेवारीपर्यंत राखून ठेवली आहे आणि तोवर त्याने होय किंवा नाही कळवायचं आहे. तन्वी इथे रमली तर राहायचं, नाही तर परत, असं दोघांनी ठरवलंय. म्हणजे तीन मोठ्या माणसांचे पगार, एक फ्लॅट आणि आमचं म्हातारपण, असा सगळा डोलारा एका नऊ वर्षांच्या नातीच्या मूडवर उभा आहे. (तिसरा पगार म्हणजे तुमच्या बंधूंची पेन्शन, ती इथल्या भाजीत जाते.) धारहून निघताना मी यांना बजावलं होतं की आपण जायचं, हातभार लावायचा आणि मताचा एक शब्द काढायचा नाही. मी पंधरा दिवस तो नियम पाळला आहे. वन्सं, तुम्ही हसू नका. मी पाळला आहे.

पाळणं सोपं नव्हतं. पहिल्याच दिवशी चहाबरोबर निवेदिताने डबा उघडला, प्रत्येकापुढे एकेक बिस्किट ठेवलं आणि डबा बंद करून वर ठेवून दिला. तुमच्या बंधूंचा हात हवेतच राहिला. तिकडे तसंच करतात म्हणे, त्यात कंजूसपणा नाही, शिस्त आहे. आपल्या माळव्यात पाहुणा नको नको म्हणत असताना तिसऱ्यांदा वाढतात, त्याला नुसतं बिस्किट मोजून दिलं की तो पुढल्या गाडीचं वेळापत्रक बघायला लागतो. मी काही बोलले नाही. हे मात्र दुसऱ्या दिवशी स्वतःचा पारलेचा पुडा घेऊन आले आणि शर्टाच्या खिशातून खायला लागले. दुसरी गोष्ट त्याहून गंभीर. संडासात दारामागे एक लांबोळकं कॅलेंडर टांगलंय आणि त्यावर सगळ्या नातेवाइकांचे वाढदिवस लिहिले आहेत. तिकडे घरोघरी तिथेच टांगतात, कारण म्हणे माणूस तिथे रोज जातो आणि निवांत वाचतो. मी बसल्या बसल्या माझं नाव वाचलं. ऑगस्टात तुमचंही आहे. रागावू नका, रोज सकाळी या घरात पाच माणसं तुमची आठवण काढतात, एवढाच अर्थ घ्या.

तन्वीचं मात्र हसण्यावारी नेता येईना. मराठी सगळं कळतं, पण बोलत नाही. मान हलवते, किंवा आईच्या कानात त्यांच्या त्या भाषेत काही सांगते. शाळेतून डबा जसाच्या तसा परत. सकाळी पावाला लोणी लावून त्यावर चॉकलेटचे बारीक दाणे पसरते, तेवढंच तिचं जेवण; आणि बरोबर आणलेले ते दाणे संपत आले होते. खोका हलवून ती आवाज ऐकायची. तो आवाज रोज थोडा कमी यायचा, आणि अश्विन पेपरमागे तोंड लपवायचा.

तुमच्या बंधूंना हे बघवेना. अस्सल इंदुरी माणसाला दुःखावर एकच औषध माहीत असतं, ते म्हणजे खायला घालणं. (जन्म इंदूरचा, मग नोकरीने धारला नेऊन टाकलं, जीभ इथेच राहिली.) एका दुपारी मला न विचारता पोरीला घेऊन राजवाड्याला गेले. कचोरी, भुट्ट्याचा कीस, जिलबी, वर शिकंजी. ठेलेवाला म्हणाला, "बाबूजी, बच्ची को तीखा कम दूँ क्या?" तर हे म्हणाले, "भिया, होलकरों के गाँव की है, बराबर दो." तिने आजोबांचं मन राखायला सगळं खाल्लं. बिचारी डोळ्यांतून पाणी काढत खात होती आणि हे मला अभिमानाने सांगत होते की पोरगी भावुक झाली. ठेलेवाल्याचा दोष नाही. बारा वर्षांची कसर एका दुपारी भरून काढायची नसते. चार दिवस पोट आणि ताप. पलासियाच्या डॉक्टरांनी औषध दिलं आणि मऊ काहीतरी खायला घाला म्हणाले. ती मऊही खाईना, कडकही खाईना. तिसऱ्या दिवशी भिंतीकडे तोंड करून तिने आईला स्वच्छ इंग्रजीत सांगितलं की मला घरी जायचंय. सगळे घरातच होतो. अश्विन बाल्कनीत जाऊन उभा राहिला, आणि तुमचे बंधू, ज्यांना पंचेचाळीस वर्षांत मी गप्प करू शकले नाही, ते दोन दिवस गप्प होते.

त्यातच कंटेनर आला. ऑगस्टात निघालेलं सामान समुद्रावर हवा खात खात संक्रांतीला पोचलं. तिकडची माणसं स्वतः येऊन सामान बांधतात आणि दिसेल ते बांधतात. एका खोक्यात नीट कागदात गुंडाळलेला ओल्या कचऱ्याचा डबा निघाला, कचऱ्यासकट, म्हणजे आता त्याला ओला म्हणता येत नाही. (सकाळी कचरागाडीवरच्या बाईने तो बघून अश्विनला दारातच उभं केलं, "भैया, इसमें सूखा-गीला सब मिला हुआ है, अलग करके दो." हॉलंडहून स्वच्छता शिकून आलेला माझा मुलगा हातमोजे घालून पायरीवर वेगळं करत बसला.) निवेदिता तन्वीजवळ बसली होती, म्हणून स्वयंपाकघराची खोकी मी उघडायला घेतली. चौथ्या खोक्यावर मार्करने 'आई' लिहिलेलं होतं. आत बरण्या. अकरा. दर वर्षी येणाऱ्या-जाणाऱ्याच्या बॅगेत, सात पिशव्यांत बांधून, हातापाया पडून मी पाठवलेलं लिंबाचं लोणचं. माझ्या अक्षरातल्या चिठ्ठ्या, वर्षासकट. दोन हजार चौदा ते चोवीस. एकाही बरणीचं सील तुटलेलं नव्हतं.

वन्सं, अकरा वर्षं अश्विन फोनवर सांगत होता, "आई, शेवटची फोड चाटून खाल्ली." मी ते गल्लीत चार घरी सांगितलं होतं. मी जमिनीवरच बसून राहिले. निवेदिता आली, तिने खोकं पाहिलं, मला पाहिलं, आणि काही सबब सांगितली नाही. एवढंच म्हणाली, की पहिल्या वर्षी घरमालकिणीने फोडणीच्या वासावरून चिठ्ठी लिहिली म्हणून वर ठेवलं, मग दुसरी बरणी आली, मग तिसरी. "आई, टाकवेना आणि उघडवेना." मला तिचा राग आला असता तर बरं झालं असतं. आला नाही. बारा वर्षं त्या दोघांचं सगळंच असं वरच्या फळीवर ठेवलेलं असणार, असं मनात आलं. (नियमाप्रमाणे मनातच ठेवलं.)

तुम्हाला सांगायला नको, लिंबाचं लोणचं जुनं झालं की औषध होतं. चौदा सालची बरणी उघडली, तर आत डांबरासारखं काळं, फोडी बोटाने चिरडाव्या इतक्या मऊ, आणि वास असा की शंकरराव वर येऊन विचारून गेले. आसट भात केला, वर तूप, आणि बोटाच्या पेराएवढी फोड. तन्वीने आधी फक्त वास घेतला. मग चमचा चाटला. मग वाटी रिकामी केली, माझ्यापुढे धरली आणि म्हणाली, "अजून." सप्टेंबरपासून या घरात ऐकलेला तिचा पहिला मराठी शब्द. निवेदिता उठून आत गेली. दुसऱ्या दिवशी तन्वीने सगळ्या बरण्या ओळीने मांडल्या आणि स्वतःच्या जन्मसालाची मागितली. आता ती रोज एक वर्ष खाते आणि कोणतं चांगलं ते आजोबांना सांगते, निम्मं मराठीत. सतरा साल तिला पसंत नाही. अश्विननेही खाल्लं, खाली बघून. तुमच्या बंधूंनी एक फोड तोंडात ठेवली, डोळे मिटले, आणि मग बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. "छान मुरलंय," एवढंच म्हणाले.

तर इकडचं वर्तमान हे असं आहे. तुमच्या आशीर्वादाने सगळं नीट होईल. प्रकृतीस जपावे, थंडीत अंगणात पहाटे पाणी घालू नये.

तुमची,
पद्मजा

ता. क. — पत्र एकटीने वाचावे. बरण्यांच्या त्या चिठ्ठ्यांवर वर्षाच्या वर आणखी एक ओळ होती, ती मी सांगितली नाही. 'आईच्या हातचं.' वन्सं, दर भाऊबीजेला तुम्ही भावासाठी म्हणून जी बरणी माझ्या हातात देता, तीच मी दर वर्षी हॉलंडला पाठवली. तुम्हाला मी फोनवर सांगत होते की तुमचे बंधू शेवटची फोड चाटून खातात. त्यांना मी सांगितलं होतं की ब्लडप्रेशरमुळे डॉक्टरांनी मीठ तोडलंय आणि वन्संनी लोणचं देणं थांबवलंय. सुनेपुढे आपल्या हाताला काही चव आहे असं दाखवायचं होतं, दुसरं कारण नाही. यंदाची बरणी धारला माझ्या कपाटात साड्यांच्या मागे आहे. यांना पहिल्या फोडीतच कळलं. त्यावर ते एक शब्द बोललेले नाहीत, पण रोज जेवताना तन्वीसमोर विचारतात, "मग, सांग ना तिला, मीठ किती आणि साखर किती घालतेस?"

ता. क. दुसरा — तन्वीला लोणचं करायला शिकायचंय. माझ्याकडून. मी रविवार कबूल करून बसले आहे. प्रमाण, उन्हाचे दिवस, साखर कधी घालायची, सगळं एका कागदावर लिहून शंकररावांच्या हाती द्या, ते शनिवारी परततील. पाकीट चिकटवून द्या, नाही तर ते वाचतील. माफी वगैरे मी भाऊबीजेला समोर येऊन मागेन, तेव्हा हवं ते बोला. आत्ता फक्त प्रमाण.

ता. क. तिसरा — हे पत्र बंद करत होते तेवढ्यात अश्विन आला. कंपनीला मेल पाठवली म्हणाला. काय लिहिलं ते त्याने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. बाजारातून येताना मी त्याला शिकण्यापुरती पंचवीस लिंबं आणायला सांगितली होती. तन्वीने त्याला विचारलं, की हे खायचं कधी? तो म्हणाला, पुढच्या वर्षी. लिंबं त्याने दोनशे आणली आहेत.