मुठीवरची लाख

१ ऑक्टोबर २०२५, खंडेनवमी. हमरापूर

काय करून बसले मी हे!

सकाळी कारखान्यात ब्रश, कोरण्या, कंप्रेसर, सगळं पुसून पूजेला मांडलं. म्हटलं, आजोबांचं रिव्हॉल्वरही मांडू. बाबा गेल्यानंतरची पहिलीच नवमी. मुठीच्या मागच्या पट्टीवर काळं काहीतरी जाड बसलेलं. घेतला पॉलिश पेपर! बाबा दरवर्षी नुसतं तेल लावायचे. ‘घासायचं नाय, आजोबांची आण हाय.’ दर वर्षी ऐकलंय मी हे. पण वीस वर्षं गणपतीच्या मूर्ती घासतेय. खरखर लागली की हात थांबतच नाही. काळं निघालं, खाली खाचा लागल्या, त्याही सपाट केल्या. चकाचक झाल्यावर डोक्यात प्रकाश पडला — ती अक्षरं होती.

२ ऑक्टोबर

दसरा. सोनं वाटलं. कुणाला काही बोलले नाही.

६ ऑक्टोबर. पेण

बाबा गेले, म्हणून रिव्हॉल्वर पोलीस ठाण्यात जमा केलं. चाप कधीचाच मोडलाय, उडत नाही. पण जुनी वस्तू म्हणून घरात ठेवायची तर ओळख पटवून कागद आणा म्हणाले. ओळख पटवायला बाबाजी म्हणून एक निवृत्त गृहस्थ आले. सगळी नोकरी पोलिसांच्या शस्त्रागारात गेलेला माणूस. भिंग लावून बराच वेळ बघत होते.

‘विलायती आहे. शंभर वर्षांच्या वरचं. पण इथे नाव होतं. कुठे गेलं?’

‘गंजलं असेल,’ मी म्हणाले. खोटारडी!

‘गंज इतका सफाईने खात नाही, पोरी.’

भिंग खाली ठेवून म्हणाले, ‘मुठीचं लाकूड सोडवून बघतो. आतही कोरतात कधीकधी. घाईचं काम नाही.’

७ ऑक्टोबर

झोप नाही. ते नाव म्हणजे आमच्या घराची अब्रू. आजोबा, हैबतराव, रोह्याकडच्या एका खोतांचे शिकारीतले वाटाडे. खोत म्हणत, माझं रिव्हॉल्वर याने चोरलं. आजोबा म्हणत, शिकारीला आलेल्या गोऱ्या साहेबाने जाताना खूष होऊन दिलं, माझं नाव कोरून! दाखवा म्हटलं की भडकायचे. ‘माझ्या शब्दावर इस्वास नाय तर ऱ्हायलं!’

त्यात बायजा आत्याचं ठरलेलं लग्न मोडलं. चोराची पोर कोण करणार? पुढे बिजवराला दिली. आत्या आज अठ्ठ्याऐंशीची. तिच्या बापाचा एवढा एकच पुरावा शिल्लक होता, तो मी पॉलिश पेपरने घालवला.

११ ऑक्टोबर

आत्याचा फोन. ‘कधी येतेस गो?’ माघी गणपतीची ऑर्डर आहे म्हटलं. ऑर्डर कसली डोंबलाची!

२३ ऑक्टोबर, भाऊबीज. रोहा

बाबा दर भाऊबीजेला आत्याकडे यायचे. न जाऊन कसं चालेल? गेले. पाट मांडला होता तिने, बाबांच्या नावाचा. तो बघितला आणि सगळं ओकून टाकलं — पेपर, खाचा, बाबाजींशी खोटं बोलले तेही.

आत्या म्हणाली, ‘समदं गेलं? एक अक्षर बी नाय ऱ्हायलं?’

‘नाही गं.’

माझे हात धरून ती रडायलाच लागली. मी पाया पडले, चुकले म्हटलं.

‘चुकलीस कुठं? खोताचंच नाव होतं त्याच्यावर. तुझ्या आजोबांनी वर काळी लाख थापली. ती मीच वितळवून दिली गो चुलीवर, दहा वर्षांची होते. कोणतरी कवातरी वाचील म्हणून इतकी वर्षं जीव टांगणीला. बरं केलंस. सुटलो!’

आजोबा चोर होते म्हणजे. खरंच चोर. आणि मला काय वाटलं? हायसं! बसमध्ये बसेपर्यंत हायसंच वाटत होतं. लाज वाटायला हवी मला.

२४ ऑक्टोबर

बाबाजींचा फोन. मूठ सुटली. आत नाव कोरलेलं आहे, पण ते हैबतरावांचं नाही, खोतांचं आहे.

‘कागदावर हे नाव लिहू का?’ त्यांनी हळूच विचारलं.

लिहा, म्हटलं. एकदा घासलं तेवढं पुरे.

आत्याला अजून सांगितलेलं नाही.