कंसातला मजकूर मनात वाचावा

नायमेखन, नेदरलँड्स,
२ मार्च २०२१

तीर्थरूप शशिकांतमामांस अभिरामचा साष्टांग नमस्कार. हे शब्द नुसते लिहून मोकळं व्हायचं असतं हे मला ठाऊक आहे, पण या वेळी पत्राला बसण्याआधी मी खरोखरच बैठकीच्या खोलीत कराडच्या दिशेने आडवा झालो. दिशा फोनवर पाहून घेतली होती. ऋजुताने स्वयंपाकघरातून डोकावून कंबर धरली का म्हणून विचारलं आणि मी हो म्हणालो, कारण खरं कारण सांगण्यापेक्षा कंबर सोपी होती. तुमची प्रकृती कशी आहे हे विचारायला मला तोंड राहिलेलं नाही, आणि ते का राहिलं नाही हेच पुढे लिहायचं आहे; तरी रीत म्हणून विचारतो. आम्ही उभयता धडधाकट आहोत. मध्यंतरी मला खोकला झाला होता, तो इथल्या डॉक्टरने फोनवर ऐकला आणि फोनवरच बरा केला.

(वीणामामी, तुम्हालाही नमस्कार. मामांच्या डोळ्यांचं ऑपरेशन अजून व्हायचंय, तेव्हा हे पत्र तुम्हीच त्यांना मोठ्याने वाचून दाखवत असणार. तर एवढं कराच: कंसातला मजकूर मनात वाचा. का थांबलीस म्हणून त्यांनी विचारलंच, तर अक्षर लागत नाही म्हणा. माझ्या अक्षराबद्दल त्यांचं मत पाहता ते लगेच पटेल. मामांच्या लाडक्या जुन्या इंग्रजी नाटकांत एखादं पात्र प्रेक्षकांकडे तोंड करून मनातलं बोलतं आणि हातभर अंतरावरच्या माणसाला ते ऐकू जात नाही, तसलीच ही सोय आहे. तिकडे ती शेकडो वर्षं बिनबोभाट चालली, आपल्याला चार पानांपुरती हवी आहे.)

मामा, इथे डिसेंबरपासून कटिंगची दुकानं बंद आहेत, उद्या उघडणार आहेत. ही बातमी तुम्हाला कशाला, असं म्हणाल. पण माझे केस मानेवर आल्यामुळेच मला जहागीरदाराचं काम मिळालं. झालं असं, की गेल्या एप्रिलमध्ये सगळे घरात कोंडले गेल्यावर अ‍ॅमस्टेलव्हीनच्या मेधाने एक नाट्यवाचन मंडळ काढलं. ही बाई बँकेत संगणकाचं काम करते, पण जीव नाटकात. दर रविवारी दुपारी साडेबाराला आम्ही दहा-बारा मराठी माणसं आपापल्या घरातून कॅमेऱ्यासमोर बसतो आणि जुनी इंग्रजी नाटकं वाचतो. (तेव्हा तुमच्याकडे साधारण पाच वाजलेले असतात. मामी, हा कंस आहे खरा, पण हे वाक्य मनात वाचूनही टोचेल. मला टोचतंय.) मराठी नाटकं का नाही, तर मेधाच्या मते ती आपण वाचायला लागलो की भांडतो. इंग्रजी नाटकात सगळे सारखेच परके, म्हणून शांतता राहते.

मंडळात माझी पत आहे ती केवळ तुमच्यामुळे. तुम्ही तीस वर्षं कॉलेजात जे शिकवलंत आणि दर मे महिन्यात माडीवरच्या झोपाळ्यावर मला फुकट ऐकवलंत, ते मी इथे स्वतःचं म्हणून खपवतो. या नाटकांत कुणीच खरं वाचत नाही, हा तुमचा सिद्धान्त मी पहिल्याच रविवारी सांगून टाकला. मुलगी हातात पुस्तक घेऊन बागेत बसते ती वाचायला नव्हे, कुणीतरी येऊन काय वाचतेस म्हणून विचारावं यासाठी. म्हातारा वर्तमानपत्र उघडतो ते त्याच्याआडून सुनेचं बोलणं ऐकायला. आणि पत्र आलं की वाचणारा ते मोठ्याने वाचणार, म्हणजे पडद्यामागे लपलेल्याची सोय झाली. शिवाय ते पत्र ज्याला लिहिलं त्याला सोडून बाकी सगळ्यांच्या हाती पडणार. मंडळी खूश झाली. मग मी तुमचं ते शेवटचं वाक्यही ठोकून दिलं: रंगमंचावर जो खरोखर वाचायला लागला, त्याचं नाटक तिथेच संपलं. कापेल गावचा प्रताप म्हणाला, वा, हे लिहून ठेवायला पाहिजे. तुमचं नाव मी सांगितलं नाही. त्याबद्दल आत्ता माफी मागतो. मोठी माफी पुढे आहे, तिच्यात ही छोटी खपून जाईल.

तर चौदा फेब्रुवारीला आमचा प्रयोग होता, नुसतं वाचन नव्हे. झगे, टोप्या आणि एकेचाळीस प्रेक्षक. त्या आठवड्यात इथे गुडघाभर बर्फ पडला होता, त्यामुळे ज्यांना यायचं नव्हतं तेही घरात सापडले. मी विसराळू जहागीरदार, प्रताप माझा खानसामा. दुसऱ्या अंकात जहागीरदाराला त्याच्या प्रेयसीचं नकाराचं पत्र येतं, तो ते फोडतो आणि मोठ्याने वाचतो, एवढा माझा मुख्य प्रवेश. नाटकातलं पत्र नेहमी कोरं असावं आणि मजकूर पाठ असावा, हा तुमचा दंडक. पण मेधाने हट्ट धरला की पाकीट खरं, चिकटवलेलं पाहिजे, फाडल्याचा आवाज माइकमध्ये आला पाहिजे. मजकूर काय, संगणकाच्या पडद्यावर बाजूला उघडून ठेवलेलाच असतो. आम्ही सगळे जरा तिरळे दिसतो, एवढंच. मी पाकीट करायला विसरलो. (विसराळूपणाची मला तालीम लागत नाही, असं ऋजुता म्हणते.) प्रयोगाला पाच मिनिटं राहिली आणि नेमकं त्याच दुपारी, मामा, तुमचं जूनमध्ये टाकलेलं पत्र दारात येऊन पडलं. विमानं बंद होती, बिचारं आठ महिने कुठे कुठे फिरलं असेल. घाईघाईत तेच उचललं आणि कॅमेऱ्यासमोर बसलो.

(मामी, इथे रविवारी टपाल येत नाही. मामांना हे माहीत नाही, माहीत करून देऊ नका. खरी गोष्ट अशी. पत्र ऑगस्टमध्येच आलं. त्या काळात आम्ही बाहेरून आलेला प्रत्येक कागद तीन दिवस बिस्किटांच्या डब्यात घालून गॅलरीत ठेवत होतो, विषाणू मरावा म्हणून. दुधाची खोकी धुतली, चाव्या धुतल्या, मग पत्र कसं सोडणार? तीन दिवसांनी बाकीची पत्रं काढली. गेमेंटेचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं, कराचं पत्र तर दुसऱ्याच दिवशी काढलं. मामांचं राहू दिलं. विसरलो म्हणालो तर तुमचा विश्वास बसेल, पण विसरलो नव्हतो. त्यांच्या पत्रात माझ्या आधीच्या पत्रातल्या चुका लाल शाईने परत येतात, हे तुम्हाला माहीतच आहे. चाळिशीच्या माणसाला ते निवांतपणीच वाचवतं. म्हटलं, रविवारी वाचू. रविवारी नाटक असायचं. प्रयोगाच्या दिवशी डब्यातून ते पाकीट काढलं तेव्हा माझ्या मनात काय आलं, तेही सांगतो: चला, या निमित्ताने मामांचं पत्र एकदाचं फोडलं तरी जाईल.)

पाकीट फाडलं. आवाज उत्तम आला. कागद उलगडून समोर धरला, नजर पडद्यावरच्या मजकुराकडे न्यायची होती, ती कागदावरच अडकली. मामा, तुमचं अक्षर म्हणजे फळ्यावरच्या सुविचारासारखं. वर्गातली पोरं ते पुसायला धजायची नाहीत. या पत्रातल्या ओळी उजवीकडे घसरत गेल्या होत्या. एक ओळ तर दुसरीवरच लिहिली गेली होती. मी ती लावायला लागलो आणि लावता लावता मोठ्याने वाचायला लागलो. तुमचं पत्र तुम्हालाच काय सांगायचं, पण त्या एकेचाळीस जणांनी जे ऐकलं ते तुम्हालाही कळायला हवं:

"चि. अभिराम, अक्षर लागेल तसं लावून घे. दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू पिकलेत. कोरोनामुळे ऑपरेशनं बंद आहेत, कधी सुरू होतील कुणी सांगत नाही. वीणा वाचून दाखवते, पण शेवट आधी सांगून टाकते. रविवारी पाच वाजता अर्धा तास फोनवर एखादं नाटक वाचून दाखवशील का? सगळी पात्रं तूच कर. जमणार नसेल तर तसं कळव, रागावणार नाही. उत्तर मात्र लेखी दे. फोनवर तू भिडेखातर हो म्हणशील."

इंग्रजी नाटकातला जहागीरदार भर दुसऱ्या अंकात मराठीत का बोलतोय, ते कुणालाच कळेना. मेधाला वाटलं, मी काहीतरी नवा प्रयोग करतोय. प्रताप नेमून दिल्याप्रमाणे थांबला आणि मी गप्प झाल्यावर त्याने खानसाम्याचं पुढचं वाक्य बरोबर टाकलं. इंग्रजीतच विचारलं, वाईट बातमी आहे का, सरकार? मी मराठीत म्हणालो, "हो. माझ्याबद्दल आहे." मेधाने मध्यंतर जाहीर केलं. पडद्यावर टाळ्यांच्या पिवळ्या हातांची रांग लागली, आणि कुणीतरी लिहिलं की पत्राचा प्रवेश फार छान, फक्त मजकूर थोडा रडका वाटला. तुमच्या सिद्धान्तावर इतक्या दुरून आणि इतक्या उशिरा शिक्कामोर्तब होईल, असं तुम्हाला वाटलं नसेल.

(मामी, दिवाळीत व्हिडिओवर बोललो तेव्हा मामा सगळा वेळ कॅमेऱ्याच्या वर, कुठेतरी खिडकीकडे पाहत होते. त्यांना फोनवर बघायचं कुठे ते अजून कळत नाही, म्हणून ऋजुता आणि मी नंतर हसलो. त्या आठवणीने मला फार लाज वाटते. तुम्ही तेव्हाच का नाही बोललात? आणि एक विचारतो, खरं सांगा: ते माझ्याबद्दल काही म्हणतात का? नावच काढत नसतील तर तेही सांगा.)

मामा, हे मी फोनवर बोलू शकलो असतो. दोन आठवडे फोन हातात घेऊन ठेवून दिला. शेवटी तुमचीच अट आठवली की उत्तर लेखी हवं, आणि जरा सुटल्यासारखं वाटलं. तर हे माझं लेखी उत्तर, विचार करून दिलेलं: हो. दर रविवारी पाचला, अर्धा तास नव्हे, तुम्ही पुरे म्हणेपर्यंत. सगळी पात्रं मी करीन, बायकांचे आवाज तुमच्याइतके चांगले जमणार नाहीत. मेधाला मी कळवलं आहे की यापुढे रविवारी मी नाही. तिने जहागीरदाराचं काम प्रतापला दिलं. तो टकला आहे, पण टोपी आहे.

कळावे, लोभ होता तो ठेवता आला तर ठेवावा.

आपला भाचा,
अभिराम

ता. क. पाकिटावर पत्ता घालायचा म्हणून आत्ता पिनकोड विचारायला मामींना फोन केला. त्या म्हणाल्या, मामांच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन जानेवारीतच झालं. आता ते पेपर पहिल्या पानापासून छोट्या जाहिरातींपर्यंत स्वतः वाचतात, घरातलं सगळं टपाल स्वतः फोडतात, आणि अभिरामला यातलं काही कळवायचं नाही अशी सक्त ताकीद त्यांनी देऊन ठेवली आहे. म्हणजे मामा, हे पत्र तुम्ही स्वतः वाचत आहात. कंसांसकट. पत्र नव्याने लिहायचं मनात आलं, रविवारचं टपाल तसंच ठेवून आणि डबा गाळून. पण मग तुमच्या त्या नाटकांतल्या पत्रांसारखंच हेही ज्याच्यापासून लपवायचं त्याच्याच हाती पडणार आहे, तर पडू दे. जसं आहे तसं पाठवतो. लाल शाई आहेच तुमच्याकडे.

ता. क. २. मामींनी आणखी एक सांगितलं, त्यांच्यावर रागावू नका. पत्र उशिरा पोचलं तर पोरगं थेट फोनच करील म्हणून तुम्ही ऑगस्टपासून दिवाळीपर्यंत दर रविवारी पाचला फोनजवळ खुर्ची ओढून बसत होता. दिवाळीनंतर खुर्ची पुन्हा जेवणाच्या टेबलाशी गेली.

ता. क. ३. आता तुम्हाला वाचून दाखवणाऱ्याची गरज उरलेली नाही, तेव्हा वरचं माझं 'हो' फुकट गेलं. म्हणून खरी विनंती इथे, तळाशी लिहितो. मी रविवार मोकळा करून बसलो आहे. तुम्ही मला वाचून दाखवाल का? कुठलंही नाटक चालेल, सगळी पात्रं तुम्हीच करा, मी मध्ये बोलणार नाही. नाही म्हणालात तर रागावणार नाही, तो हक्क मला नाही. उत्तर लेखीच द्या; फोनवर तुम्ही भिडेखातर हो म्हणाल. पत्र आलं की दारातच फोडीन, हात मागाहून धुवीन.